हैतीतील टोळ्या: मुंबईत जमले ते तिथे का जमत नाही?

नव्वदच्या दशकात मुंबईतील टोळीयुद्ध पोलिसांनी मोडून काढले, मग जेमतेम सव्वा कोटी लोकसंख्येच्या हैती या कॅरिबियन देशात टोळ्यांना आवर घालणे कोणालाच का जमत नाही, परदेशी फौजा पुन्हा पुन्हा जाऊनही परिस्थिती चिघळतच का गेली आणि भारताने तिथे पुन्हा पोलीस पाठवावेत का, असे तीन प्रश्न मला विचारण्यात आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय पोलीस तुकडीबरोबर मी पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीच्या शहरात काम केले आहे आणि निवृत्त झाल्यावरही तिथल्या घडामोडींवरची नजर हटवलेली नाही. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. ते थोडे लांबेल, कारण तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

मुंबईतील टोळ्या शासनाला चुकवून जगत होत्या. खंडणीचे फोन येत होते, भरदिवसा गोळ्या झाडल्या जात होत्या, तरी परळ किंवा नागपाड्याचे पोलीस ठाणे एक दिवसही बंद पडले नव्हते, न्यायालये रोज भरत होती आणि बंदरातल्या मालावर सीमाशुल्क सरकारच वसूल करत होते. टोळ्यांचे म्होरके देश सोडून पळाले, कारण इथे राहिलो तर पकडले जाऊ ही भीती त्यांना होती. हैतीत म्होरक्या आपल्या वस्तीत उघडपणे राहतो, पत्रकारांना बोलावून मुलाखती देतो, आणि पळून जाण्याची वेळ येते ती तिथल्या ठाणेदारावर, न्यायाधीशावर आणि डॉक्टरवर. हा फरक ध्यानात घेतला नाही तर तिथल्या कोणत्याही उपायाचा नीट विचार करता येत नाही.

या टोळ्या आभाळातून पडलेल्या नाहीत. त्या सत्ताधाऱ्यांनी घडवल्या, आणि ही सवय जुनी आहे. १९५७ मध्ये सत्तेवर आलेल्या फ्रांस्वा दुव्हालिए यांचा स्वतःच्या सैन्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी 'तोंतों माकूत' नावाने ओळखली जाणारी सशस्त्र टोळधाड उभी केली. तिला पगार नव्हता, पण लुटण्याची मोकळीक होती. बापानंतर मुलाने गादी चालवली आणि १९८६ मध्ये तो परागंदा झाला, परंतु माकूतांच्या हातातली शस्त्रे कोणी पद्धतशीरपणे गोळा केली नाहीत. १९९१ मध्ये लोकनियुक्त अध्यक्ष जाँ-बेर्त्रां आरिस्तीद यांना सैन्याने हटवले. अमेरिकी फौजांच्या मदतीने ते १९९४ मध्ये परतले आणि १९९५ मध्ये त्यांनी सैन्यच बरखास्त केले. सैन्याने लोकांवर केलेले अत्याचार पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. पण हजारो प्रशिक्षित माणसे एका फटक्यात बेकार झाली, त्यांच्यातल्या अनेकांची शस्त्रे त्यांच्याकडेच राहिली, आणि त्यांची जागा घ्यायची होती ती नुकत्याच स्थापन झालेल्या तोकड्या पोलीस दलाने. पुढे आरिस्तीद यांच्याच समर्थकांच्या सशस्त्र टोळ्या गरीब वस्त्यांत उभ्या राहिल्या. त्यानंतर जो जो पक्ष सत्तेत आला किंवा सत्तेकडे डोळे लावून बसला, त्याने निवडणुकीत मते गोळा करण्यासाठी, विरोधकांचे मोर्चे उधळण्यासाठी किंवा स्वतःचे मोर्चे भरवण्यासाठी वस्तीतल्या या पोरांना पैसे आणि बंदुका पुरवल्या. बड्या आयातदारांनीही गोदामांच्या राखणीसाठी आणि प्रतिस्पर्ध्याचा माल अडवण्यासाठी त्यांना हाताशी धरले.

हा संबंध किती थेट होता याचे उदाहरण म्हणून राजधानीतील ला सालीन या वस्तीत नोव्हेंबर २०१८ मध्ये झालेले हत्याकांड पाहावे. व्हेनेझुएलाच्या 'पेट्रोकारिबे' या सवलतीच्या तेलाच्या योजनेतून मिळालेला पैसा कुठे गेला, असा जाब विचारणारी प्रचंड आंदोलने त्या वर्षी सुरू होती आणि ला सालीन हा सरकारविरोधकांचा बालेकिल्ला मानला जात होता. तिथे किमान ७१ माणसे मारली गेली. या प्रकरणी अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२० मध्ये ज्या तिघांवर निर्बंध लादले, त्यांत जिमी शेरिझिए हा माजी पोलीस कर्मचारी होता, आणि उरलेल्या दोघांपैकी एक अंतर्गत मंत्रालयाचा माजी महासंचालक, तर दुसरा राष्ट्राध्यक्षांचा माजी विभागीय प्रतिनिधी होता. 'बार्बेक्यू' या नावाने जगभर ओळखला जाणारा शेरिझिए पोलिसांतून टोळीत आला, त्याने २०२० मध्ये नऊ टोळ्यांची 'जी-९' ही युती जाहीर केली, आणि आज तो 'विव आन्सान्म' या त्याहून मोठ्या आघाडीचा चेहरा आहे.

हैतीविषयी लिहिताना बहुतेक जण १८०४ च्या स्वातंत्र्यापासून सुरुवात करतात. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारले, त्याची शिक्षा म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, ती पुढे ९ कोटींवर आणली गेली, आणि तिच्यापायी काढलेली कर्जे फिटायला विसावे शतक अर्धे सरले. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने देश ताब्यात ठेवला. हा अन्याय खरा आहे आणि शाळा, रस्ते, दवाखाने उभे करण्यासाठी लागणारे भांडवल त्यानेच गिळले, हेही खरे. मात्र आजची टोळी समजून घ्यायला मला त्यापेक्षा अलीकडची एक गोष्ट जास्त उपयोगी वाटते. १९९५ च्या सुमारास तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले आणि अमेरिकेतील अनुदानित तांदूळ हैतीच्या बाजारात ओतला गेला. आर्तिबोनित खोऱ्यातील भातशेती खचली. या धोरणाने हैतीच्या शेतकऱ्यांचे नुकसान झाले, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी स्वतः २०१० मध्ये दिली. शेती सुटलेली कुटुंबे राजधानीच्या किनाऱ्यालगतच्या दलदलीत, सिते सोलेयसारख्या वस्त्यांत येऊन राहिली. जिथे नळ नाही, शाळा नाही, ठाणे नाही, तिथे पाण्याचा टँकर कोणाच्या दारात थांबणार हे ठरवणारा माणूसच सरकार होतो. टोळीतील ३० ते ५० टक्के सदस्य अल्पवयीन असल्याचा युनिसेफचा अंदाज आहे. त्यातली बरीच मुले पहारा देण्यासाठी आणि निरोप पोहोचवण्यासाठी दोन वेळच्या जेवणावर ठेवलेली असतात.

आता टोळीच्या उत्पन्नाकडे येतो, कारण माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे. अपहरणाच्या बातम्या सर्वत्र येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये '४०० मावोझो' टोळीने १७ परदेशी मिशनऱ्यांना पळवले तेव्हा जगाचे लक्ष गेले. पण अपहरण हा बेभरवशाचा धंदा आहे. नियमित कमाई रस्त्यावर होते. पोर्ट-ओ-प्रिन्समधून बाहेर पडणारे मोठे रस्ते मोजकेच आहेत: एक उत्तरेला आर्तिबोनितकडे, एक पश्चिमेला मार्तिसां वस्तीतून देशाच्या दक्षिण भागाकडे, एक पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेकडे. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात शहर वसलेले असल्याने वळसा घालायला जागा नाही. मार्तिसांतला रस्ता जून २०२१ पासून टोळ्यांच्या हाती गेला आणि काही किलोमीटरच्या त्या पट्ट्यामुळे देशाचा अख्खा दक्षिण भाग राजधानीपासून तुटला.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो. हैतीत गावचा शेतमाल शहरात आणण्याचा व्यापार मुख्यतः बायकांच्या हातात आहे. त्यांना 'मादान सारा' म्हणतात. अशी एखादी बाई केळी, तांदूळ, कोळसा यांची पोती घेऊन ट्रकच्या टपावर बसून निघते. पूर्वी तिचा खर्च म्हणजे ट्रकचे भाडे आणि बाजारातली पट्टी. आता वाटेत दोर किंवा जळका टायर आडवा टाकलेला नाका लागतो, तिथे चालक ठरलेली रक्कम देतो आणि ती भाड्यात चढवतो. पुढे दुसऱ्या टोळीची हद्द सुरू झाली की दुसरा नाका. दर वाहनाच्या आकारावर ठरतो, मालाने भरलेल्या ट्रकला जास्त. कधी पैसे घेऊनही माल उतरवून घेतात, बाईला खाली ओढतात, आणि तिच्यावर अत्याचार होतो. ती बाजारात पोहोचली तर केळ्यांचा भाव चढलेला असतो, न पोहोचली तर शहरात केळीच नसतात. २०२५ मध्ये देशातील सुमारे ५७ लाख लोक, म्हणजे जवळपास निम्मी लोकसंख्या, तीव्र अन्नटंचाईत होती. दुष्काळाइतकाच या नाक्यांचा त्यात वाटा आहे.

इंधनाचे तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने इंधनाचे अनुदान काढण्याची घोषणा केली आणि जी-९ ने वारो येथील तेलाच्या मुख्य टर्मिनलभोवती खंदक खणून, कंटेनर आडवे लावून ते दोन महिने अडवून धरले. देशातील बहुतांश इंधन तिथूनच उचलले जात होते. जनरेटर बंद पडल्याने रुग्णालये थांबली, पाणीपुरवठा करणारे टँकर थांबले, आणि त्याच काळात तीन वर्षांहून अधिक काळ नाहीसा झालेला कॉलरा परत आला. शासनाची नाडी कुठे आहे हे टोळ्यांना तेव्हा नेमके कळले.

शस्त्रांबद्दल लोक नेहमी विचारतात. हैतीत बंदुकांचा मोठा कारखाना नाही. बहुतांश शस्त्रे अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून, समुद्रमार्गे येतात. ४०० मावोझोचा एक म्होरक्या जर्मिन जोली याच्यावर अमेरिकेत चाललेल्या खटल्यात ही साखळी उघडी पडली. फ्लोरिडातील दुकानांतून ओळखीच्या माणसांच्या नावाने रायफली विकत घ्यायच्या, त्या पिंपांत ठेवून वर कपडे आणि घरगुती सामान भरायचे, आणि नातेवाइकांना पाठवलेली भेट म्हणून जहाजावर चढवायचे. हे सारे चालू असताना जोली हैतीच्या तुरुंगात होता आणि तिथूनच मोबाइलवर टोळी चालवत होता. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिले गेले आणि २०२४ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. हैतीच्या न्यायालयात असा खटला उभा राहिला असता का? जून २०२२ मध्ये राजधानीतील मुख्य न्यायालयाची इमारतच 'पाच सगोन' टोळीने बळकावली. गुन्ह्यांच्या फायली, जप्त केलेला मुद्देमाल, सारे टोळीच्या हाती पडले. मुंबईशी तुलना करताना मी हाच प्रसंग पुढे ठेवतो. १९९९ मध्ये आपल्याकडे मोक्का कायदा आला तेव्हा तो चालवायला विशेष न्यायालय होते, सरकारी वकील होते, आरोपी ठेवायला आर्थर रोड तुरुंग होता आणि साक्षीदाराचा जबाब ज्या कागदावर लिहिला तो कागद दहा वर्षांनीही सापडत होता. मुंबईच्या यशाचे श्रेय चकमकींना देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पोलीस म्हणून मला ती मान्य नाही. टोळ्यांचे कंबरडे मोडले ते या कंटाळवाण्या यंत्रणेने.

हैतीत ही यंत्रणा एकेक करून गळून पडली. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या घरात भाडोत्री कोलंबियन बंदूकधाऱ्यांनी हत्या केली. २०१६ नंतर देशात निवडणूकच झाली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या १० सिनेट सदस्यांची मुदत संपली आणि देशात एकही लोकनियुक्त प्रतिनिधी उरला नाही. पंतप्रधान आरिएल आंरी केनियात पोलीस मागायला गेले असताना, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, आतापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांनी एकत्र येऊन पोलीस ठाणी, विमानतळ आणि बंदर यांच्यावर हल्ले चढवले. दोन-तीन दिवसांत राजधानीचे दोन मोठे तुरुंग फुटले आणि चार हजारांहून अधिक कैदी बाहेर पडले. त्यातले बहुसंख्य वर्षानुवर्षे खटला न चाललेले कच्चे कैदी होते. विमानतळ मे महिन्यापर्यंत बंद राहिला, आंरी मायदेशी उतरूच शकले नाहीत आणि त्यांना पद सोडावे लागले. याच दिवसांत भारत सरकारने 'ऑपरेशन इंद्रावती' हाती घेऊन आपल्या नागरिकांना शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात हलवले. पहिल्या खेपेत १२ जण होते.

त्यानंतर हिंसाचार गावांकडे पसरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ग्रां ग्रिफ' टोळीने आर्तिबोनितमधील पाँ-सोंदे गावात शंभराहून अधिक लोक मारले. डिसेंबरमध्ये सिते सोलेयच्या वार्फ जेरेमी भागात एका म्होरक्याचा मुलगा आजारी पडला. कोणीतरी करणी केली असा संशय घेऊन त्याने वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना वेचून मारले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तपासात मृतांचा आकडा किमान २०७ निघाला. २०२४ या एका वर्षात टोळ्यांशी निगडित हिंसाचारात ५,६०० हून अधिक लोक मेले. विस्थापितांची संख्या २०२५ च्या मध्यापर्यंत १३ लाखांवर गेली. शाळांच्या वर्गांत, चर्चच्या आवारात, सरकारी कार्यालयांच्या जिन्यांवर ही कुटुंबे राहत आहेत.

परदेशी फौजांचे काय झाले, हा दुसरा प्रश्न. २००४ ते २०१७ या काळातील संयुक्त राष्ट्रांची मोहीम सर्वस्वी अपयशी होती असे म्हणणे अन्यायाचे आहे. २००७ पर्यंत ब्राझीलच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी सिते सोलेय मोकळे केले होते आणि त्यानंतरची काही वर्षे तिथे पायी गस्त घालता येत होती. त्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या पत्र्यांना बोटे लागतात. तिथे चिलखती गाडीचा काही उपयोग नसतो, उपयोग असतो तो पाठीशी क्रेओल ही तिथली बोलभाषा बोलणारा स्थानिक पोलीस असण्याचा. असे पोलीस फार थोडे होते. मोकळ्या झालेल्या वस्तीत ठाणे, न्यायाधीश आणि शाळा यायला हवी होती, ती आली नाही. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी जमीनदोस्त केली, लाखोंचे प्राण घेतले, तुरुंगातून हजारो कैदी निसटले, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या एका तळावरील सांडपाण्यातून नदीत पसरलेल्या कॉलऱ्याने पुढे सुमारे १० हजार बळी घेतले. तो तळ दुसऱ्या देशाच्या तुकडीचा होता, पण निळे शिरस्त्राण आम्हीही घालत होतो आणि लोकांचा राग आम्हाला समजत होता. संघटनेने जबाबदारीची कबुली द्यायला २०१६ उजाडले. काही तुकड्यांतील लोकांनी स्त्रियांचे आणि मुलांचे लैंगिक शोषण केले, हेही नोंदले गेले आहे. आज परदेशी गणवेशाकडे हैतीचा माणूस संशयाने पाहतो, त्याला ही कारणे आहेत.

जून २०२४ मध्ये दाखल झालेली केनियाची मोहीम वेगळ्या कारणाने अडली. अडीच हजार माणसांची योजना असताना ती हजाराच्या आसपासच राहिली, आणि पैसा देशोदेशींच्या ऐच्छिक देणग्यांतून यायचा असल्याने गाड्या, सुटे भाग, हेलिकॉप्टर कशाचाच भरवसा नव्हता. एखादे गाव मोकळे करायचे आणि मनुष्यबळाअभावी तळावर परतायचे, की टोळी पुन्हा हजर. ज्या गावकऱ्यांनी पोलिसांना माहिती दिली त्यांची मग गाठ टोळीशी पडते. म्हणून टिकवता येणार नाही असा भाग मोकळा करू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा आहे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने त्या मोहिमेच्या जागी ५,५०० मनुष्यबळाच्या टोळीविरोधी दलाला मंजुरी दिली आणि पुरवठ्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय जोडले. पुरवठ्याची ही तरतूद मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

या दरम्यान लोकांनी आणि सरकारने जे मार्ग धरले तेही सांगायला हवेत. एप्रिल २०२३ मध्ये राजधानीत जमावाने पोलिसांच्या ताब्यातील डझनभर संशयितांना हिसकावून ठार केले आणि जाळले. तिथून 'ब्वा काले' नावाची लाट देशभर पसरली. काही आठवडे अपहरणे खरोखर घटली. पण जमाव पुरावा पाहत नाही, आणि आपल्या वस्तीत अनोळखी असणे एवढाच गुन्हा ठरलेली माणसेही त्यात गेली. २०२५ पासून सरकार स्फोटके लावलेले ड्रोन वापरत आहे. सप्टेंबरमध्ये सिते सोलेयमधील अशा एका हल्ल्यात लहान मुले मेली. ड्रोन म्होरक्याला घाबरवू शकतो, नाका उठवू शकत नाही. नाका उठवायला तिथे माणूस उभा करावा लागतो आणि त्याचा पगार वेळेवर द्यावा लागतो.

करायचे झाले तर मी एका रस्त्यापासून सुरुवात करीन. राजधानी ते आर्तिबोनित हा मार्ग निवडून ठरावीक अंतरावर कायमच्या चौक्या बसवाव्यात, त्यांत स्थानिक पोलीस आणि परदेशी तुकडी एकत्र राहावी, आणि मादान सारांचे ट्रक रोज ठरलेल्या वेळी सोडावेत. टोळीचे उत्पन्न आटले की पगारी पोरे आपोआप सुटू लागतात, आणि त्यांतील अल्पवयीनांना तुरुंगाऐवजी ठेवण्याची जागा आधीच तयार असली पाहिजे. बंदरावर आणि सीमेवर सीमाशुल्क विभाग परदेशी तपासनिसांसह चालवावा. पिंपे आणि कंटेनर उघडले जाणे हे शंभर छाप्यांच्या तोडीचे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल मार्तेली यांच्यावर निर्बंध घातले, काही बड्या उद्योगपतींवरही घातले, पण निर्बंध म्हणजे खटला नव्हे. टोळीला पैसे पुरवणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, तोवर एका म्होरक्याच्या जागी दुसरा विकत घेणे त्याला परवडत राहील. यासाठी विशेष न्यायालय, संरक्षण असलेले न्यायाधीश आणि सुरक्षित तुरुंग लागतो, आणि त्यासाठी देणगीदार देश सहसा हात आखडता घेतात.

राहिला तिसरा प्रश्न, भारताने पोलीस पाठवावेत का. आपल्या निमलष्करी दलांना गर्दी हाताळण्याचा, निवडणूक बंदोबस्ताचा आणि दीर्घकाळ एका जागी तळ ठोकून राहण्याचा जो अनुभव आहे, तो तिथे उपयोगी पडतो हे मी पाहिले आहे, म्हणून माझे उत्तर नकारार्थी नाही. मात्र पैसा आणि इंधन देणग्यांवर अवलंबून नसावे. प्रत्येक गस्तीला क्रेओल जाणणारा दुभाषा मिळावा, कारण आपल्या जवानांना फ्रेंच येत नाही आणि वस्तीत फ्रेंच येणारेही थोडेच आहेत. सांडपाण्याची व्यवस्था तळावर पहिला जवान उतरण्यापूर्वी पूर्ण व्हावी. आणि आपल्या माणसाकडून तिथे गुन्हा घडला तर त्याचा खटला कुठे चालेल हे करारात आधीच लिहिलेले असावे. या चार अटी लेखी मान्य होणार नसतील, तर आपली तुकडी पाठवू नये आणि त्याऐवजी हैतीच्या पोलीस अधिकाऱ्यांना आपल्या प्रशिक्षण संस्थांत बोलावून घ्यावे.